खिंडीपलीकडे नेऊ नये

१

सकाळी पावणेआठ वाजता, खिंडीच्या माथ्यावर थांबलेल्या अँब्युलन्समध्ये पालथा झोपलेला माणूस ओरडला. ओरडतानासुद्धा त्याने मान वर केली नाही. मान वर करायची नाही, असं त्याला बजावून ठेवलं होतं.

हा माणूस ऑक्सिजनचे सिलिंडर भरणाऱ्या कारखान्यातला मिस्त्री. मागच्या आठवड्यात भरणी चालू असताना तिथे एक सिलिंडर फुटला. मिस्त्रीचा जोडीदार जागच्या जागी गेला. मिस्त्री वाचला, पण त्याचा डावा डोळा काढून टाकावा लागला आणि उजव्यात धातूचा तुकडा घुसला. डॉक्टरांनी तो तुकडा काढला, फाटलेला पडदा जागेवर बसवला आणि तो तिथेच दाबून राहावा म्हणून डोळ्यात औषधी वायूचा बुडबुडा भरला. बुडबुडा नेहमी वर जातो. माणूस पालथा असला की डोळ्याची मागची बाजू वर येते आणि बुडबुडा नेमका पडद्यावर टेकतो. म्हणून रात्रंदिवस पालथं. जेवण पालथं, झोप पालथी, बोलणं फरशीशी.

हे त्याला फार समजावून सांगावं लागलं नव्हतं. कोंडलेला वायू हा त्याच्या पोटापाण्याचाच धंदा. सकाळी औषधाच्या गुंगीत असताना त्याला उचललं, तेव्हा कुठे नेतायत ते मात्र कळलं नव्हतं. गाडी चढणीला लागली तसा डोळ्यातला ठणका का वाढत चाललाय, हेही कुणी सांगायची गरज नव्हती. उंचावर बाहेरचा दाब उतरतो, आतला वायू फुगतो, आणि डोळा काही रबराचा नसतो.

"खाली न्या!" तो ओरडला. "गाडी खाली न्या!"

गाडी जागची हलली नाही. इंजिन मात्र चालू होतं.

"दाजी, काय होतंय?" मेव्हण्याचा आवाज बाहेरून आला. वळणांनी त्याला उलट्या झाल्या होत्या आणि तो रस्त्याच्या कडेला जाऊन बसला होता. "ड्रायव्हर म्हणतोय गाडी तापलीय. जरा थंड होऊ दे म्हणतोय."

"डोळा फुटेल माझा! दुसरं काहीही बघ, पण खाली चल!"

मेव्हण्याने लाकडं वाहणारा ट्रक आडवा होऊन थांबवला. ट्रकवाल्याने आणि त्याने मिळून मिस्त्रीला स्ट्रेचरसकट लाकडांवर चढवलं. दरीत उतरेपर्यंत मेव्हणा त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरून बसला होता.

दवाखान्याच्या दारात सिस्टरनी मिस्त्रीचा उजवा हात उचलला, उलटा करून पाहिला. मग डावा उचलला.

"पट्टी कुठे गेली?" त्या म्हणाल्या.

ज्याच्या डोळ्यात वायू भरलाय त्याच्या मनगटावर या दवाखान्यात हिरवी प्लास्टिकची पट्टी बांधतात. चौकोनी बक्कल दाबून बसवलं की ती निघत नाही, कापावी लागते. तिच्यावर लिहिलेलं असतं, 'डोळ्यात वायू. खिंडीपलीकडे नेऊ नये.' दरीतून बाहेर जायला खिंडीशिवाय रस्ता नाही, म्हणून हे शब्द.

मिस्त्रीच्या मनगटावर शस्त्रक्रियेच्या दिवसापासून ती पट्टी होती. आता नव्हती.

२

डॉक्टरांनी त्याला थेट शस्त्रक्रियेच्या खोलीत घेतलं आणि बारीक सुईने डोळ्यातला थोडा वायू काढून घेतला. ठणका उतरला. डोळ्याचं काय झालं ते आत्ताच सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. पुन्हा डोळ्यावर पॅड, त्यावर पुन्हा पत्र्याची वाटी, पुन्हा तीच कॉट. कॉटच्या डोक्याशी घोड्याच्या नालेसारखी उशी होती. तोंड त्या पोकळीत, आणि दोन्ही हात खालच्या फळीवर सोडलेले.

दुपारी फौजदारबाई आल्या. त्यांचे बूट कॉटजवळ येऊन थांबले, मग कापड घासल्याचा आवाज झाला आणि त्यांचा आवाज खालून, त्याच्या तोंडासमोरून आला.

"दचकू नका. मी फरशीवर झोपलेय. माणसाच्या मानगुटीशी बोलायची मला सवय नाही."

"गणवेश खराब होईल, साहेब."

"होऊ दे. कालपर्यंत तुम्ही फक्त आरोपी होतात, आज सकाळपासून फिर्यादीही झालात. एका कॉटवर दोघांना बघायचा योग मला पहिल्यांदाच आलाय."

मिस्त्री हसला नाही. आरोप साधा होता. ऑक्सिजनच्या भरणीत तेलाचा थेंबसुद्धा चालत नाही. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला लागला की पेट घेतो. भरणी करणाऱ्याचा पहिला धडाच हा. फुटलेल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला तेल होतं हे उघड झालं होतं, आणि मॅनेजरने जबाबात लिहून दिलं होतं की घट्ट झालेला व्हॉल्व्ह सैल करायला तेल मिस्त्रीनेच घातलं. एक माणूस मेला होता. मिस्त्री आत जाणार, हे जवळपास ठरल्यासारखं होतं.

"पुन्हा एकदा सांगा," फौजदारबाई म्हणाल्या. "काय दिसलं होतं?"

"मी ऑफिसच्या खिडकीत होतो. आवारातल्या बुटक्या भिंतीपलीकडे एक माणूस वाकलेला दिसला. भिंतीवरून त्याचं डोकं, खांदे आणि हात एवढंच दिसत होतं. हातात तेलाची कुपी. गाडीवाले ठेवतात ना, लांब चोचीची, तसली. मी काचेवर हात आपटला. त्याने वर बघितलं. चांगला समोरासमोर. मग मी धावत सुटलो. ऑफिसला वळसा घालून शेडमध्ये पोचेपर्यंत जोडीदाराने सिलिंडर भरणीला लावला होता. 'थांब' म्हणेपर्यंत त्याचा हात व्हॉल्व्हवर होता. सिलिंडर कुठला, तेही त्याच्या पाठीआड दिसलं नाही."

"माणूस ओळखीचा?"

"नाही. पण पुन्हा दिसला तर हजारात ओळखेन."

"दिसला तर," फौजदारबाई म्हणाल्या. मग त्यांनी वहीचं पान उलटलं.

"आवाज?"

"कॉम्प्रेसर चालू होता. माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता."

"म्हणजे तुमची सुटका, आणि त्या माणसाची अडचण, दोन्ही या एका डोळ्यात आहेत. हा गेला की तो माणूस कधी नव्हताच."

इतक्यात डॉक्टर आत आल्या. फौजदारबाईंना कॉटखाली बघून त्या क्षणभर थांबल्या असाव्यात.

"डॉक्टर, डोळ्यातून काढलेला तुकडा माझ्याकडे जमा आहे. त्याबद्दल आणखी काही सांगण्यासारखं?"

"मोहरीहून जरा मोठा. लोहचुंबकाने ओढून घेता येईल असं वाटलं होतं, पण चुंबकाला लागेना. लोखंड नव्हतंच. चिमट्याने पकडून काढावा लागला, म्हणून पडदा जास्त दुखावला. एका अंगाने पितळेसारखा पिवळा, दुसऱ्या अंगाने पांढरा, आरशासारखा चकचकीत. आणि एक ऐका. सगळ्या कागदांवर मी आधी तेल लिहिलं होतं. बुडबुड्याऐवजी डोळ्यात एक प्रकारचं तेलही भरतात, ते उंचावर फुगत नाही. ऐन वेळी मी बेत बदलला. कागद कुणीही वाचला असता तर त्याला वाटलं असतं, प्रवासाला हरकत नाही."

"आणि खरं कुठे कळलं असतं?"

"पट्टीवर," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणूनच पट्टी असते."

३

फौजदारबाईंनी सगळ्यांना एकेक करून मिस्त्रीच्या खोलीतच बोलावलं. कारण त्यांनी सांगितलं नाही. सिस्टर पहिल्या आल्या, त्याही तावातावाने.

"माझ्यावर ढकलायचं असेल तर आधीच सांगते, मी या माणसासाठी डोळ्यात तेल घालून जागलेय."

"सिस्टर, तेवढा वाक्प्रचार इथे नको," फौजदारबाई म्हणाल्या. "सकाळी काय झालं?"

"पाळी बदलत होती. मी पलीकडच्या वॉर्डात. परत येते तर कॉट रिकामी! खाली विचारलं तर म्हणे मेव्हण्याने सही करून नेलं. डॉक्टर शस्त्रक्रियेत. मी खिडकीतून बघतेय तोवर गाडी फाटकाबाहेर."

"पट्टी शेवटची कधी बघितलीत?"

"पहाटे औषध घालताना. हातावर होती. बक्कल उघडायला बघतात लोक, म्हणून मी रोज चाचपते."

"परत आणल्यावर आणखी काही वेगळं दिसलं?"

"बघायला वेळ होता कुठे? सगळं तोंड घामाने भिजलेलं. कपाळावर चौकोनी डाग होता, मळ समजून पुसायला गेले तर तो वळ निघाला. तासाभराने गेला. बाकी काही नाही."

फौजदारबाई नुसतं "हं" म्हणाल्या. पण त्या 'हं' नंतर त्यांचं पेन कागदावर बराच वेळ चालल्याचं मिस्त्रीला ऐकू आलं.

नंतर मॅनेजर आला. त्याच्या अंगाला अत्तराचा वास येत होता आणि बोलण्याला समारंभाचा.

"मिस्त्री आमचा जुना माणूस. मोठ्या दवाखान्यात नीट उपचार व्हावेत, म्हणून मीच व्यवस्था केली. चांगुलपणा अंगाशी आला, दुसरं काय."

"चांगुलपणाला स्फोटाच्या चौकशीच्या आदल्याच दिवशी जाग आली," फौजदारबाई म्हणाल्या. "मिस्त्री खिंडीपलीकडे, तर चौकशीत तुमचं म्हणणं खोडायला कोण? ठपका त्याच्यावर, कारखाना मोकळा."

मॅनेजर खाकरला. "डोळ्यात तेल आहे, प्रवास चालेल, असं कागदावर होतं. मी वाचलं. खोटं असेल तर डॉक्टरांना विचारा."

"विचारलंय. आणि तो तेलाची कुपीवाला माणूस?"

"फाटकावरच्या पहारेकऱ्याला मी स्वतः विचारलं. त्या सकाळी परका माणूस आत आलाच नाही. रोजच्या गाड्या, रोजची माणसं. मिस्त्रींना जे दिसलं ते, आता काय म्हणू, धक्क्यात माणसाला काहीबाही आठवतं."

"धक्का नंतर बसला, साहेब," मिस्त्री उशीतून म्हणाला. "माणूस आधी दिसला."

मॅनेजर कॉटकडे वळला नसावा. त्याचा आवाज दाराकडूनच आला. "बरे व्हा, मिस्त्री."

तो गेल्यावर मिस्त्रीला एक गोष्ट आठवली. त्याने फळीवर बोटं आपटली.

"साहेब, खिंडीत गाडी थांबल्यावर मागचं दार उघडलं होतं. कुणीतरी माझं मनगट धरलं. मला वाटलं नाडी बघतायत. काहीतरी थंड टेकलं हाताला."

"मग?"

"मग दार लागलं. कोण होतं, कळलं नाही. पण गाडीत माणसं दोनच. ड्रायव्हर, नाहीतर..."

"नाहीतर तुमचा मेव्हणा," फौजदारबाईंनी वाक्य पुरं केलं.

४

मेव्हण्याबरोबर मिस्त्रीची बायकोही आत शिरली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

"माझ्या भावाला विचारायचंय ना? माझ्यासमोर विचारा."

"ताई, तू गप्प बस," मेव्हणा म्हणाला.

"का गप्प बसू? काल मॅनेजरच्या गाडीतून उतरलास तेव्हा मी काही बोलले का? आता बोलते. काय देणार होता तो तुला?"

मिस्त्रीला फरशीवर मेव्हण्याच्या चपला दिसत नव्हत्या, पण त्या एकमेकींवर घासल्याचा आवाज येत होता.

"नोकरी," मेव्हणा शेवटी म्हणाला. "दाजींची जागा भरायची आहे म्हणाला. मी विचार केला, दाजी आत गेले तर घर कोण चालवणार? तिकडे मोठा दवाखाना, इकडे मला काम. दोन्ही चांगलंच की. मला काय ठाऊक, डोळ्यात हवा आहे!"

"सही करताना हिरवी पट्टी नाही बघितलीस?" फौजदारबाईंनी विचारलं.

"हाताला काहीतरी होतं बहुतेक. मला वाटलं कॉटचा नंबर. नीट आठवत नाही, मी पायाकडून उचललं होतं. डोक्याकडून ड्रायव्हर होता."

"आणि गाडीत?"

"पुढे बसलो. मला वळणं सोसत नाहीत. माथ्यावर गाडी थांबली तसा दार उघडून पळालो उलटीला."

"म्हणजे मागे कोण गेलं ते तू बघितलं नाहीस."

"मी खड्ड्यात तोंड घालून बसलो होतो, बाई! मी काय बघणार?" त्याचा आवाज फुटला. "दाजी, तुम्हाला खरंच वाटतं का, मी..."

मिस्त्रीला उत्तर द्यायचं होतं. वाटत नाही, असं म्हणायचं होतं. पण मनगट धरणारा हात त्याला आठवत होता आणि त्या हाताला चेहरा नव्हता. तो पालथा पडून राहिला. त्याच्या गप्प राहण्याचा अर्थ सगळ्यांनी आपापल्या परीने लावला. बायको रडली नाही. तिने भावाला दारापर्यंत नेलं आणि बाहेर काढून दार लावून घेतलं.

"अहो," ती कॉटजवळ येऊन हळूच म्हणाली, "तो मूर्ख आहे. पण मूर्खच आहे हो, दुसरं काही नाही."

५

ड्रायव्हरला दवाखान्यात कामाला लागून फार दिवस झाले नव्हते. आधी गॅरेजमध्ये होता. आवाज समजूतदार, मधूनच कोरडा खोकला.

"निघण्याआधी पेशंटचं मनगट बघायचं, हा नियम तुम्हाला ठाऊक आहे?" फौजदारबाईंनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी शिकवतात, मॅडम. हिरवं दिसलं की गाडीची चावी खिशात."

"आज बघितलंत?"

"बघितलं. मीच डोक्याकडून उचललं ना. दोन्ही हात मोकळे होते. पट्टी असती तर मी माझ्या बापालासुद्धा नेलं नसतं."

"माथ्यावर का थांबलात?"

"काटा लालवर गेला. बॉनेट उघडलं."

"मागे गेलात?"

"नाही. ते मेव्हणे गेले असतील. माझं लक्ष इंजिनात."

सगळं नीट बसत होतं. मिस्त्रीला स्वतःचीच लाज वाटली. या माणसाला आपण उगीच खोलीत अडकवून ठेवलंय असं त्याला वाटलं आणि काहीतरी बरं बोलावं म्हणून तो म्हणाला,

"स्फोट झाला तेव्हा मला तुम्हीच आणलंत ना? डॉक्टर म्हणाल्या, अजून जरा उशीर झाला असता तर हाही डोळा हाती लागला नसता."

मिस्त्रीला ड्रायव्हरचा श्वास अडखळल्याचं ऐकू आलं.

"माझं कामच आहे ते," ड्रायव्हर म्हणाला. मग जरा वेळाने, "दिसेल का तुम्हाला?"

"बुडबुडा विरला की कळेल."

"बरं," ड्रायव्हर म्हणाला आणि परवानगी न विचारताच निघून गेला.

फौजदारबाई पुन्हा फरशीवर आडव्या झाल्या. या वेळी त्यांचा आवाज अगदी हलका होता.

"मिस्त्री, कपाळ पुढे करून झोपा बघू. उशीत नाही, हातांवर. जसे गाडीत झोपला होतात."

"गाडीत उशी नव्हती. मनगटावर मनगट ठेवून त्यावर कपाळ टेकलं होतं."

"तेच म्हणतेय मी. इथे या उशीत तुमचं कपाळ हातांना लागतच नाही. मग सिस्टरना दिसलेला चौकोनी वळ कशाचा?"

मिस्त्रीने फळीवर आपलं मनगट चाचपलं.

६

"बक्कल चौकोनी असतं," फौजदारबाई म्हणाल्या. "कपाळावर वळ उठायला ते चांगलं खिंड चढेपर्यंत कपाळाखाली दाबलेलं हवं. म्हणजे दवाखान्यातून निघताना पट्टी तुमच्या हातावर होती. गाडीत होती. माथ्यावर ती कापली गेली.

"आता असं बघा. ड्रायव्हरला फसवून तुम्हाला न्यायचं असतं, तर पट्टी त्याने बघण्याआधी कापायला हवी होती. मॅनेजरने कापवली असती, मेव्हण्याने कापली असती, तरी इथे, या कॉटवर. माथ्यावर पोचल्यावर कापून कुणाचा फायदा? नुकसान तर तोवर व्हायचं ते झालंय. एकाच माणसाचा फायदा आहे. नंतर ज्याला विचारणार, 'तू पट्टी बघूनही नेलंस कसं?' तो. मेव्हण्याला हा प्रश्न कुणी विचारणारच नव्हतं. त्याला ती कॉटचा नंबर वाटली होती."

"पण ड्रायव्हरचं माझ्याशी काय वाकडं?" मिस्त्री म्हणाला. "त्याने तर मला वाचवलं."

"तिथेच माझी गाडी तापलीय. कारण सापडत नाही. आणि कारणाशिवाय वळ म्हणजे नुसता वळ. तोही आता कपाळावर नाही."

बाहेर औषधांची ढकलगाडी गेली. कुठेतरी नळ गळत होता. मग मिस्त्रीने विचारलं,

"डॉक्टर काय म्हणाल्या, तुकडा एका अंगाने कसा होता?"

"पांढरा. आरशासारखा."

"मुलामा," मिस्त्री म्हणाला. "निकेलचा मुलामा. साहेब, कारखान्याच्या मोठ्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह कोऱ्या पितळेचे असतात. एकावरही मुलामा नाही. मुलामा असतो तो उचलून न्यायच्या छोट्या सिलिंडरवर. रोग्याच्या उशाशी ठेवतात, गाडीत बसवतात, ते." त्याने फळीवर बोट टेकवलं. "फुटला तो आमचा सिलिंडर नव्हता. दवाखान्याच्या गाडीतला होता."

"कोण आणतं ते?"

"नेहमी दुसरा ड्रायव्हर आणतो, म्हातारा. त्याला मी ओळखतो. त्या दिवशी तो..."

"त्या दिवशी तो रजेवर होता," फौजदारबाई म्हणाल्या. "मी हजेरी विचारलीय. पहारेकरी खोटं बोलला नाही. परका माणूस आलाच नाही. दवाखान्याची गाडी आली, रोजच्यासारखी. आत कोण बसलंय ते कोण बघतं?"

आता सगळं एका ओळीत उभं राहिलं. गॅरेजमधून आलेला माणूस. फिरत नसलेला व्हॉल्व्ह. गाडीवाल्याचा हात आपोआप कुठे जातो? तेलाच्या कुपीकडे. त्याच्या धंद्यात जे अडतं त्याला तेल घालतात. ऑक्सिजनच्या धंद्यात तेवढ्याने माणूस मरतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं. काचेवर हात आपटणारा एक माणूस त्याने पाहिला, आणि थोड्याच वेळात त्याच माणसाला रक्ताने माखलेला आपल्या गाडीत घातला. गाडी त्याने जिवाच्या आकांताने हाकली असणार, यात मिस्त्रीला शंका वाटली नाही.

"मग पुढे दवाखान्यात बोलणं सुरू झालं, मिस्त्रीला दिसणार म्हणून," फौजदारबाई म्हणाल्या. "आणि मॅनेजरने आयती खिंड पुढ्यात आणून ठेवली."

"पकडा त्याला!"

"कशावर? सिलिंडर आणल्याचं तो कबूल करेल. तेल घातलं नाही म्हणेल. पट्टी दिसली नाही, हे म्हणून झालंय. मॅनेजरचं बोट तुमच्याकडेच राहील. तेलाची कुपी कुणाच्या हातात होती, हे बघितलेला माणूस जगात एकच आहे." त्या उठून बसल्या असाव्यात. आवाज वर गेला. "आणि तो पालथा पडलाय."

दारावर शिपाई बसला. मेव्हण्याला मिस्त्रीने बोलावून घेतलं. मेव्हणा म्हणाला, "दाजी, पाणी देऊ?" आणि नळी त्याच्या ओठांशी धरून उभा राहिला.

७

बुडबुडा हळूहळू लहान होत गेला तशी डॉक्टरांनी त्याला काही वेळ बसायची परवानगी दिली. पॅड काढल्यावर मिस्त्रीला पहिल्यांदा दिसली ती एक आडवी रेषा, गवंड्याच्या पाणसळीसारखी डुचमळणारी. रेषेखाली सगळं काळपट, हलतं. रेषेवर उजेड. डॉक्टर म्हणाल्या, बुडबुडा डोळ्यात वरच आहे, पण डोळ्यात चित्र उलटं पडतं म्हणून तो खाली दिसतो, आणि तो ओसरतोय. जेवढं वर मोकळं होईल तेवढंच डोळ्याचं खरं बळ कळेल.

फौजदारबाईंना थांबायला वेळ नव्हता. मिस्त्रीविरुद्धच्या खटल्याची तारीख जवळ आली होती. दवाखान्याच्या लांब खोलीत त्यांनी सारख्या अंगाच्या, सारख्या कपड्यांतल्या माणसांची रांग उभी केली. ड्रायव्हर त्यांच्यात होता. कुठे, ते मिस्त्रीला सांगितलं नव्हतं. पंच म्हणून दोन बाहेरची माणसं भिंतीशी बसली होती.

बायकोने त्याला हाताला धरून आणलं आणि ती बाजूला झाली.

"घाई नाही," फौजदारबाई म्हणाल्या. "खिडकीतून दिसलेला माणूस यांच्यात असेल तर त्याच्यासमोर जाऊन बोट दाखवा. दिसला तरच."

मिस्त्री रांगेसमोरून चालत गेला. रेषा त्याच्या पावलांबरोबर हलत होती. रेषेच्या वर गोल काळे आकार होते, एकाशेजारी एक. डोकी. त्यांच्या खाली चेहरे असतील अशा जागा होत्या, पण त्या पाण्यात विरघळल्यासारख्या. त्याने डोळा बारीक केला, मान कलती केली. एक कान दिसला असं वाटलं, मग तोही गेला.

रांगेच्या मध्यावर कुणीतरी खोकलं. कोरडं, छोटं, दाबून धरलेलं.

मिस्त्री थांबला. तो खोकला त्याच्या ओळखीचा होता. हा माणूस आता हातभर अंतरावर होता. बोट उचलायचा अवकाश, की खटला संपणार होता, जोडीदाराच्या घरच्यांपुढे जायला तोंड राहणार होतं, बायको मोकळा श्वास घेणार होती. बोट बरोबरच माणसाकडे गेलं असतं. ते दिसून उचललं की ऐकून, हे कुणाला कळलं असतं?

त्याचा हात कमरेपर्यंत आला. समोरच्या माणसाचा श्वास थांबला.

"दिसतोय?" फौजदारबाईंनी विचारलं.

मिस्त्रीने हात खाली सोडला. "डोकी दिसतायत," तो म्हणाला. "चेहरे नाहीत."

"नक्की?"

"नक्की. मला कोण ते कळलंय, साहेब. पण दिसलेलं नाही."

पंचांपैकी एक दुसऱ्याशी काहीतरी पुटपुटला. बायकोने तोंडावर हात धरल्याचा आवाज झाला, किंवा मिस्त्रीला तसं वाटलं. रांगेतल्या त्या माणसाने श्वास सोडला, तो लांबच लांब होता आणि त्यात सुटका कमी, थकवा जास्त होता.

फौजदारबाईंनी ओळख पटली नाही असं लिहून घेतलं आणि सोमवारी पुन्हा रांग उभी राहील असं जाहीर केलं. मॅनेजरचा जबाब कायम आहे. मिस्त्रीवरचा आरोपही कायम आहे. ड्रायव्हरला कामावरून दूर ठेवलं आहे, पण तो अटकेत नाही. चौकशी पुरी होईतो त्याने दरी सोडायची नाही, असा हुकूम निघाला आहे.

रविवारी सकाळी डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून बराच वेळ तपासलं. पडदा जागेवर आहे, एवढं त्या म्हणाल्या. उद्या चेहरे दिसतील का, असं मिस्त्रीने विचारलं. त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मिस्त्रीला दिसलं नाही.